पोपटी शेतात लावू, जंगलात नको



पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा. अर्धी पोस्ट आमच्या घरच्या सहलीची आहे आणि अर्धी आपल्या सगळ्यांच्या कामाची. पहिली अर्धी वाचल्याशिवाय दुसरी नीट कळणार नाही, म्हणून मध्येच उडी मारू नका. आणि २६ जानेवारीच्या आत वाचा, का ते शेवटी सांगतो.

आमचं घराणं म्हणजे पाच भावंडांचा पसारा. मूळ घर पेणचं. आजी रोह्याकडची, आणि आत्याही तिकडेच दिलेली. पुढची पिढी नोकरीच्या मागे डोंबिवली, कळवा, पुणे अशी पांगली. एक चुलत भाऊ मस्कतला. दिव्याला रोह्याची गाडी पकडली की घर, इतकं सोपं आहे, तरी येणं होत नाही.

सगळे एकत्र भेटतो कधी? लग्नात, नाहीतर तेराव्याला. लग्नं आता हॉलमध्ये चार तासांत उरकतात. पंगत नाही, बुफे. ताट हातात धरून कोण कुणाशी बोलणार? मागच्या वर्षी मोठ्या काकूंच्या तेराव्याला सगळे जमलो. जेवणं झाली, माणसं गाडीच्या चाव्या चाचपायला लागली, तेव्हा आत्या ओट्यावरून म्हणाली, "आता पुढच्या खेपेला कुणी मेल्याशिवाय भेटा रे."

कुणी काही बोललं नाही. पण त्याच रात्री व्हॉट्सअॅप ग्रुप निघाला.

ग्रुपवर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. पहिला आठवडा गुड मॉर्निंग, दुसरा आठवडा भांडण. डोंबिवलीवाल्यांना स्विमिंग पूलवाला रिसॉर्ट हवा होता. पुणेवाल्यांना बीच. मोठे काका म्हणाले, कुलदैवताला जाऊ. रेट कार्डं आली, माणशी खर्च आला, कोण किती देणार यावर दोघांनी ग्रुप सोडला, त्यांना परत घेतलं. शेवटी कुणीतरी म्हणालं, अरे, जिच्यामुळे हे सगळं चाललंय तिला तरी विचारा.

आत्या आज ७८ वर्षांची आहे. फोनवर म्हणाली, "मला फणसाडला न्या."

आम्हाला वाटलं तिनं टीव्हीवर काही पाहिलं असेल. तसं नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हापासून वीसेक वर्षं ती त्याच रानातून फाटी आणायची. पहाटे निघायचं, दुपारी डोक्यावर मोळी घेऊन परत. मग १९८६ साली अभयारण्य झालं, मोळी बंद झाली, पुढे घरात गॅस आला. रानाशी संबंध संपला. "एवढी वर्षं त्या रानात गेले," ती म्हणाली, "पण मान वर करून कधी बघितलं नाही. एकदा डोक्यावर मोळी नसताना बघायचंय."

यावर स्विमिंग पूलवाले गप्प बसले.

आता थोडी माहिती, कारण आमच्या पुतण्यानं ग्रुपचं नाव "नॅशनल पार्क ट्रिप" असं ठेवलं आणि ते चूक आहे. बऱ्याच जणांची ही गल्लत होते. महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्यानं सहा: ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, बोरिवलीचं संजय गांधी आणि चांदोली. ताडोबा सगळ्यात जुनं, १९५५ सालचं. रायगड जिल्ह्यात यातलं एकही नाही. आपल्याकडे आहेत ती अभयारण्यं. पनवेलहून पेणला येताना लागतं ते कर्नाळा, १९६८ सालचं, पक्ष्यांसाठीचं. आणि मुरूड-रोह्याच्या डोंगरातलं फणसाड. दोन्हींना कायदा एकच, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. मोठा फरक असा, की राष्ट्रीय उद्यानात गुरं चारायला पूर्ण बंदी असते, अभयारण्यात काही हक्क परवानगीनं चालू राहू शकतात. आग लावायला मात्र दोन्हीकडे बंदी. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फणसाड हे जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान. नवाबाच्या शिकारीसाठी राखलं म्हणून वाचलं, ही गंमतच आहे. १९४८ साली संस्थान विलीन झालं. आज तिथे बिबळ्या आहे, भेकर आहे, शेकरू आहे. पाण्याच्या जागांना तिथे गाण म्हणतात. उन्हाळ्यात सगळं रान त्या गाणीवर येतं. आणि गारंबीचे वेल, एकेक माणसाच्या मांडीएवढा जाड. तिची शेंग हातभर लांब असते. पोरांनी ती बघितली तेव्हा एकाला वाटलं कुणीतरी प्लास्टिकची लावून ठेवलीय.

तर संक्रांतीनंतरच्या रविवारी आम्ही ४३ माणसं, दोन ट्रॅव्हलर आणि तीन गाड्या, सकाळी सुपेगावला पोचलो. सगळ्यात लहान आठ महिन्यांची, सगळ्यात मोठी आत्या.

आणि इथून आमची अब्रू जायला सुरुवात झाली. नाव कुणाचं घेणार नाही, सगळे माझेच आहेत.

एका गाडीतून ब्लूटूथ स्पीकर निघाला, गुडघ्याएवढा. दुसऱ्या गाडीतून पाण्याच्या छोट्या बाटल्यांचे चार बॉक्स. आणि तिसऱ्या गाडीच्या डिकीतून निघालं पोतं. पोत्यात वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, दोन मडकी, अंडी, मसाला लावून ठेवलेलं चिकन आणि काडेपेटी.

मुंबईकडच्या वाचकांसाठी सांगतो. पोपटी म्हणजे आमच्या रायगडची थंडीतली मजा. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, वर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, मध्ये अंडी, बटाटे, चिकन, वर परत पाला. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं करून भोवती पेंढा, लाकडं, गोवऱ्या लावून पेटवायचं. अर्ध्या-पाऊण तासात तयार. त्या वासाला तोड नाही. आमच्या भावाच्या डोक्यात आलं की एवढे सगळे जमतोय, जंगलात पोपटी लावू, काय मजा येईल.

दारावर ड्युटीला एक तरुण वनरक्षक होता. पंचविशीचा असेल. त्यानं पोतं बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, हे आत नाही नेता येणार. आणि स्पीकरही गाडीतच ठेवा."

मोठे काका चिडले. मोठे काका म्हणजे घरचे कर्ते, बोललेलं कुणी मोडत नाही. "आम्ही काय मुंबईचे टुरिस्ट आहोत का? आम्ही इथलेच आहोत. माझी बहीण या रानातून फाटी न्यायची तेव्हा तुझा जन्म पण झाला नव्हता. चिरनेरला आमच्याच लोकांनी गोळ्या खाल्ल्या ना जंगलासाठी? मग आता हे जंगल कुणाचं?"

हा मुद्दा फालतू नाही. म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला पाहिजे.

२५ सप्टेंबर १९३० ला उरण तालुक्यात चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला. इंग्रजांच्या जंगल कायद्यानं लाकूडफाटा, गवत, चराई यांवर बंधनं आली होती आणि गावच्या लोकांची चूल त्यावर चालायची. शेतकरी, आदिवासी कोयते घेऊन डोंगरावर गेले. गोळीबार झाला, माणसं मेली. आजही दर वर्षी तिथे हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. आपल्या जिल्ह्याला त्याचा अभिमान आहे आणि असायलाच पाहिजे.

पण ते डोंगरावर कशासाठी गेले? चुलीसाठी, गुरांसाठी, पोटासाठी. रविवारच्या पार्टीसाठी कुणी गोळी खाल्ली नाही. ज्याचं घर जंगलावर चालतं त्याचा हक्क आणि जो वर्षातून एकदा गाडीतून येतो त्याची हौस, या दोन गोष्टी एका मापानं मोजता येत नाहीत. २००६ साली वनहक्क कायदा झाला तो जंगलात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांसाठी. आमचे काका पेणला दोन मजली घरात राहतात.

हे मी तिथे बोललो नाही. मोठ्या काकांसमोर बोलायची माझी हिंमत नाही. पोस्टमध्ये लिहितोय, कारण ते फेसबुकवर नाहीत.

तिथे बोलला तो वनरक्षक. हात जोडून म्हणाला, "काका, तुमचं बरोबर आहे. पण तुम्ही संध्याकाळी जाल. मी इथलाच आहे. रात्री आग लागली तर विझवायला मीच जाणार, आणि माझ्या गावची पोरं."

आणि त्यानंतर बोलली आत्या. ती ट्रॅव्हलरच्या पायरीवर बसली होती. म्हणाली, "दादा, माझी मोळी बंद झाली तेव्हा तू आला नाहीस भांडायला. दोन वर्षं मी रोह्याहून लाकडं विकत आणली. ज्यांनी सोडलं त्यांना विचार हे जंगल कुणाचं. पोत्याला हात लावू नका, गाडीत राहू दे. पोपटी माझ्या शेतात लावू."

काका गप्प. खरं सांगायचं तर आम्ही सगळेच गप्प. आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं की तिच्या घरात दोन वर्षं लाकडाचे वांधे होते. आपल्याच आत्याचं.

हेच मला या पोस्टमध्ये सगळ्यात आधी सांगायचं आहे. जंगल वाचलं त्याची किंमत कुणीतरी दिलेली असते. फणसाडच्या कडेच्या गावांनी मोळी सोडली, चराई कमी केली. आजही बिबळ्यानं शेळी नेली तर ती त्यांची जाते, रानडुकरानं भात लोळवलं तर ते त्यांचं. नुकसानभरपाईची सोय आहे, पण पंचनामे, कागद, हेलपाटे हे ज्यानं केलंय त्यालाच माहीत. आणि आपण रविवारी येतो, फोटो काढतो, बाटल्या टाकतो, नि "आम्ही इथलेच" म्हणतो.

पुढे काय झालं ते ऐका. गावातलाच एक वाटाड्या घेतला. आत्याला पायवाट झेपणारी नव्हती, म्हणून दोन पुतण्यांनी प्लास्टिकची खुर्ची बरोबर घेतली. पन्नास पावलं चालायचं, बसायचं, परत चालायचं. तिच्यामुळे सगळ्यांनाच हळू चालावं लागलं. एरवी आम्ही धावत जाऊन धावत परत आलो असतो आणि "काही दिसलं नाही, पैसे फुकट" असं म्हणालो असतो.

एका मोठ्या झाडाखाली ती बसली आणि पोरांना म्हणाली, "आता कुणी बोलायचं नाही. जो बोलेल त्याला शेंगा नाहीत." सतरा पोरं. वीस मिनिटं. शपथेवर सांगतो, एकानंही तोंड उघडलं नाही. मोबाईलला रेंज नव्हती, त्याचाही उपयोग झाला.

पहिल्यांदा भृंगराज ऐकू आला. शेपटीला दोन लांब तारा आणि टोकाला पिसं असलेला काळा पक्षी. दुसऱ्या पक्ष्यांची नक्कल करण्यात पटाईत. मग वर फांद्या हलल्या. शेकरू.

शेकरू म्हणजे आपल्या राज्याचा प्राणी, हे शाळेच्या पुस्तकात सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. हरियाल राज्यपक्षी, ताम्हण राज्यफूल, आंबा राज्यवृक्ष. मार्क मिळतात. पण त्या सतरा पोरांपैकी एकानंही शेकरू पाहिलेलं नव्हतं, आणि मोठ्यांपैकी फक्त दोघांनी. तपकिरी-लालसर अंग, मांजराएवढं, झुपकेदार लांब शेपूट. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर सरळ उडी. वाटाड्या हळू आवाजात म्हणाला, ते जमिनीवर फारसं उतरत नाही. फांदीला फांदी लागलेली असली तरच त्याचं रान. मधली झाडं गेली की त्याची वाट तुटते. घरटीही एकेक जोडी बरीच बांधते, एकात पिल्लं, बाकीची राहायला. आमची डोंबिवलीची वहिनी पटकन म्हणाली, "म्हणजे आपल्यासारखंच. एक घर पेणला, एक रोह्याला, एक डोंबिवलीला." तिला शेंगा मिळाल्या नाहीत.

आत्या मान वर करून बघत होती. काही बोलली नाही. मोठे काका तिच्या शेजारी जमिनीवर बसले होते, पाल्यावर, पांढऱ्या लेंग्यात.

दुपारचं जेवण गावातल्या एका घरी सांगितलं होतं. तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी, वालाचं बिरडं, ताक. माणशी जे दिलं ते रिसॉर्टच्या नाश्त्यापेक्षा कमी. जेवताना वनरक्षक आला, त्याला आग्रहानं बसवलं. त्यानं जे सांगितलं ते महत्त्वाचं आहे.

जानेवारीच्या मध्यापासून गवत वाळतं. ऐन, साग पानं टाकतात. जमिनीवर घोटाभर सुका पाला असतो. मेपर्यंत हा वणव्याचा काळ. आग आपोआप लागते असं आपण म्हणतो, पण आपल्याकडे बहुतेक वणवे माणसानंच लावलेले असतात. कुणी गवत चांगलं येईल म्हणून लावतं, कुणी शिकारीसाठी, कुणाची बिडी, कुणाची शेकोटी. मोठी झाडं त्यात मरत नाहीत, म्हणून लांबून बघणाऱ्याला काही झालंय असं वाटत नाही. मरतात ती बोटभर रोपं, जमिनीवरची अंडी, कासवं, सरपटणारे जीव. म्हणजे पुढचं जंगल मरतं. मग पहिल्या पावसात उघडी माती ओढ्यात जाते, पाणी मुरत नाही, आणि एप्रिलमध्ये पेण तालुक्यातल्या वाड्या टँकरची वाट बघत बसतात. डोंगरावरची आग आणि खालचा रिकामा हंडा यांचा संबंध आहे, आपण तो लावत नाही.

आता तारखा जुळवून बघा. वालाच्या शेंगा भरतात डिसेंबर ते फेब्रुवारीत. पोपटीचा हंगाम तोच. म्हणजे ज्या महिन्यांत डोंगर पेटायला तयार असतो, त्याच महिन्यांत आपण मडकी घेऊन बाहेर पडतो.

पूर्वी याचा त्रास नव्हता. कारण पोपटी शेतात लागायची. भात कापलेलं, मग त्यातच वाल घेतलेला, मोकळी जमीन, कडेला पेंढा, शेजारी विहीर. रात्री चार घरची माणसं जमायची. हल्ली पोपटी "इव्हेंट" झालीय. रील बघून लोक गाड्या काढतात. कुणी धरणाच्या कडेला लावतं, कुणी किल्ल्याच्या पायथ्याला, कुणी सरळ जंगलात. खाऊन झालं की मडकं फोडायचं, निखारे तसेच, बाटल्या तशाच. अभयारण्यात आग लावणं १९७२ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि राखीव जंगलात १९२७ च्या वन कायद्यानंही. "एवढीशी तर शेकोटी" हे कायद्यात कुठे लिहिलेलं नाही.

संध्याकाळी आम्ही आत्याच्या शेतात पोपटी लावली. जागा झाडून घेतली, भोवतीचं गवत काढलं, दोन बादल्या पाणी भरून ठेवलं. मस्कतच्या भावानं व्हिडिओ कॉलवर मडकं उपडं करायची पद्धत चुकते म्हणून शिव्या घातल्या. मोठे काका आणि आत्या पेंढ्यावर शेजारी बसून शेंगा सोलत होते. मला ऐकू आलं, काका विचारत होते, "दोन वर्षं लाकडं कुठून आणायचीस गं? सांगितलं नाहीस कधी." ती म्हणाली, "तू विचारलं नाहीस कधी."

चाळीस वर्षांनी भाऊ बहिणीला हे विचारतो. एवढं झालं तरी माझ्या मते सहल वसूल.

निघताना पूर्वेकडच्या डोंगरावर लाल रेघ दिसत होती. वणवा. गाडीत पोरं म्हणाली, किती छान दिसतंय. मग त्यातलीच एक, सहावीतली, म्हणाली, "तिथे पण शेकरू असेल का?" कुणी उत्तर दिलं नाही. मी १९२६ ला फोन लावला. वन विभागाचा टोल-फ्री नंबर आहे, सेव्ह करून ठेवा.

आता दोन आक्षेप येणार, मला माहीत आहे. आधीच उत्तर देतो.

पहिला: "रस्त्यासाठी झाडं तोडतात, डोंगर फोडतात, खाणी चालतात, ते चालतं, आणि आमची पोपटी दिसते?" मुद्दा बरोबर आहे. मुंबई-गोवा महामार्ग कर्नाळ्याच्या अभयारण्यातून जातो. पनवेल ते इंदापूर चौपदरीकरण २०११ ला सुरू झालं, त्या धुळीत आपण काय काय भोगलं ते पेणकरांना सांगायला नको. मोठ्यांच्या चुका मोठ्या असतात, त्यांना प्रश्न विचारलेच पाहिजेत. पण प्रश्न विचारतो कोण? ज्याला ती जागा माहीत आहे तो. २१ सप्टेंबर २००८ ला हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत महामुंबई सेझबद्दल सार्वमत झालं. ते होऊ शकलं कारण त्या माणसांना आपल्या जमिनीचा बांध न् बांध ठाऊक होता. जंगलाचं काय? उद्या एखाद्या डोंगरावर काही प्रकल्प आला, तर तिथे काय होतं हे सांगायला आपल्याकडे साक्षीदार हवेत. वीस मिनिटं गप्प बसून शेकरू बघितलेली सतरा पोरं आता साक्षीदार आहेत. डीजे लावून नाचून आली असती तर नसती.

दुसरा: "म्हणजे लोकांनी जंगलात जायचंच नाही का?" उलट. जा. घरचे सगळे घेऊन जा, म्हाताऱ्यांना आधी न्या. सलीम अलींनी सुगरणीचा अभ्यास १९३० साली आपल्याच अलिबाग तालुक्यात किहीमला केला, आणि आपण पक्षी बघायला भरतपूरची तिकिटं काढतो. दाराशी असलेलं बघा. पण पाहुण्यासारखे जा. पाहुणा दुसऱ्याच्या घरात चूल पेटवत नाही.

आता कामाचं. चार गोष्टी सुचवतो.

एक. पोपटी शेतात, अंगणात, वाडीत लावा. झाडलेली जागा, पाण्याची बादली, आणि निखारे विझल्याशिवाय उठायचं नाही. शहरातल्या मित्रांना खायची असेल तर आपल्या शेतकऱ्याकडे आणा, वालाचे, मडक्याचे, जागेचे पैसे द्या. वालाला नाहीतरी भाव कुठे मिळतो?

दोन. जंगलात जाताना स्पीकर घरी. वाटाड्या गावातला घ्या, जेवण गावात सांगा. प्लास्टिक मोजून न्या, मोजून आणा. कर्नाळ्याला दारावर मोजून अनामत घेतात तेव्हा आपण बरोबर सगळं परत आणतो. म्हणजे जमतं आपल्याला, पैसे अडकले की. आम्ही ९६ बाटल्यांपैकी ९६ परत आणल्या, कारण आत्यानं मोजायला पोरं बसवली होती.

तीन. आणि यासाठीच २६ जानेवारी म्हणालो. त्या दिवशी गावोगाव ग्रामसभा आहे. ज्या ज्या गावाला डोंगर लागून आहे, तिथे एकानं तरी उठून वणव्याचा विषय काढा. जाळरेषा कधी काढणार, गावातली पोरं श्रमदानाला येणार का, आग दिसली तर कुणी कुणाला फोन करायचा, एवढे तीन प्रश्न. ठरावात लिहून घ्या. झेंडावंदनानंतर जिलेबी खाऊन घरी जाऊ नका, अर्धा तास थांबा. फेब्रुवारीत विषय काढून उपयोग नाही, तोवर डोंगर काळा झालेला असतो.

चार. आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही जंगलाच्या, किल्ल्याच्या दारात म्हाताऱ्या माणसांना टेकायला बाक आणि बायकांसाठी स्वच्छ संडास असलेच पाहिजेत, ही मागणी आपण लावून धरू. आत्याला आम्ही खुर्ची उचलून नेली, कारण आम्ही ४३ होतो. ज्या घरात दोनच माणसं आहेत, त्यांच्या आत्यानं काय करायचं?

बास. एवढंच.

पुढच्या वर्षीची तारीख ठरली आहे, संक्रांतीनंतरचा रविवार. मोठे काका यांनी स्वतः ग्रुपवर टाकलं, टाइप करायला त्यांना अर्धा तास लागला: "पोपटी आत्याकडे. स्पीकर आणू नये." त्याखाली ४१ अंगठे आहेत. स्पीकरवाल्या पुतण्याचा अजून आलेला नाही, पण त्यानं शेकरूचा फोटो डीपीला लावलाय, म्हणजे येईल.

पटलं तर तुमच्या गावच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर खाली भांडा, पण ग्रामसभेला जा.